गुडघे, गोळ्या आणि नाचणी

गेल्या महिन्यात म्हटलं होतं की सततच्या दुखण्यावर खाण्यापिण्याचे काय प्रश्न असतील ते पाठवा, आणि आलेला ढीग बघून मीच कंबर धरून बसले. अर्ध्या लोकांनी प्रश्नाऐवजी गोळ्यांच्या स्ट्रिपचे फोटो पाठवलेत, तेही मागच्या बाजूचे, आणि त्यातल्या एकीवर वीसेक घटक, गणपतीच्या सामानाची यादी वाटावी इतके. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यामुळे ज्यात बऱ्याच जणांचं काम होईल असे सहा प्रश्न घेतलेत. नावं काढलीत, फक्त एरिया ठेवलाय. आणि मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, तेव्हा कुठली टेस्ट करा ते सांगेन, औषध लिहून देणार नाही.

प्रश्न : ताई, वय ४७, कांदिवलीला राहते, ऑफिस फोर्टला. दोन वर्षांपूर्वी अंग ठणकायला लागलं, मांड्या आणि कंबर जास्त, खाली बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येईना. व्हिटॅमिन डी ९ निघालं. डॉक्टरांनी ६०,०००ची पुडी आठवड्याला एक अशी आठ आठवडे दिली, खरंच फरक पडला, म्हणून मी ती चालूच ठेवली, आता चौदा महिने झाले. मैत्रीण म्हणते मॅग्नेशियम पण घे, त्याशिवाय डी अंगी लागत नाही. हल्ली पोट साफ होत नाही आणि तहान खूप लागते, ते वयामुळे का?

उत्तर : वयामुळे नसावं. ती पुडी आधी थांबवा, आजच, मग बाकीचं वाचा.

६०,०००ला ७ने भागा, रोजचे साडेआठ हजार युनिट झाले. आपल्याकडच्या २०२०च्या शिफारशीत मोठ्या माणसाला रोज ६०० युनिट सांगितलेत आणि स्वतःच्या मनाने ४,०००च्या वर जाऊ नये. आठ आठवडे ठीक असतं कारण तेव्हा खड्डा बुजवायचा असतो, पण मडकं भरलं तरी वरून ओतत राहिलं की पाणी ओट्यावरच सांडणार ना. डी चरबीत साठतं, बी किंवा सी सारखं लघवीवाटे पटकन निघून जात नाही, आणि फार साठलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. त्याची लक्षणं काय, तर बद्धकोष्ठ, तहान, सारखी लघवी, मळमळ, पुढे किडनी स्टोन. तुमच्यात दोन तर आहेतच. ह्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून डी, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) करून घ्या, कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीही त्यांना दाखवा, आणि उलट्या किंवा गुंगी असं काही वाटलं तर आठवड्याची वाट बघू नका.

आता तुमच्या दुखण्याबद्दल, कारण ते खोटं नव्हतं. डी फार कमी असलं की हाडात कॅल्शियम नीट बसत नाही, हाड मऊ राहतं, आणि ते दुखणं अगदी तुम्ही लिहिलंय तसंच असतं, नेमकं बोट ठेवता येत नाही असं, मांड्या-कंबरेत ठणकणारं, जमिनीवरून उठताना जीव जाणारं. म्हणून पुडीने फरक पडला. ज्याचं डी मुळात बरं आहे त्याने तीच पुडी घेतली तर अंगदुखीला काही होत नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या सल्ल्यात नेमकं हेच कुणी लिहीत नाही.

डी ९ वर आलं कसं ते सांगायला मला रिपोर्ट नको. सकाळी स्टेशन, लोकल, मग एसी ऑफिस, घरी येईपर्यंत अंधार. पुष्कळ जण म्हणतात मी सकाळी कोवळ्या उन्हात चालते, तर चाला, छान आहे, पण डी तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतात, ते साधारण अकरा ते दोनमध्ये येतात आणि काचेतून आत येत नाहीत, म्हणजे खिडकीशी बसून उपयोग शून्य. तुमच्या ऑफिसपासून हॉर्निमन सर्कलची बाग फार लांब नसावी, डबा लवकर संपवून पंधरा-वीस मिनिटं बाह्या वर करून बसा, झाडाखाली नाही, उन्हात. मे महिन्यात हे मी सांगणार नाही, आणि पावसाळ्यात ढगच असतात, म्हणून खाण्यातही थोडं बघा: अंड्याचा पिवळा बलक, मासे खात असाल तर मासे, आणि दुधाच्या पिशवीवर निळं प्लस एफ चिन्ह असेल तर त्या दुधात ए आणि डी घातलेलं असतं. पुढे किती डोस लागेल ते डॉक्टर ठरवतील, बहुतेक आत्तापेक्षा बराच कमी असेल.

मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे. डी शरीरात कामाला लागायला मॅग्नेशियम लागतं, पण ते ताटातून येऊ शकतं. बायकांना रोज ३७० मिलिग्रॅम लागतं. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला दीड-पावणेदोनशे असतं, भोपळ्याच्या बियांत पाचशेच्या वर, शिवाय नाचणी, राजगिरा, डाळी, पालेभाज्या. मूठभर दाणे, एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पालेभाजी झाली की बरीच मजल मारता. गोळीला माझा विरोध दुसऱ्याच कारणासाठी आहे. मॅग्नेशियमने पोट सैल होतं, म्हणजे तुमचं बद्धकोष्ठ जाईल आणि तुम्हाला वाटेल झालं बरं, आणि आत कॅल्शियम वाढतच राहील. तपासणीआधी तर नकोच.

प्रश्न : वय ६१, भांडुप, माळकरी आहे, अंडंसुद्धा नाही. अकरा वर्षं शुगर, मेटफॉर्मिन चालू. ॲसिडिटीची गोळी पाचसहा वर्षं रोज सकाळी. रात्री तळपाय जळतात, मुंग्या येतात, पंख्याखाली पाय उघडे टाकून झोपतो. केमिस्टने नसांची गोळी दिली, मुलाने ऑनलाइन अजून एक मागवली, दोन्ही घेतो. रोज दही-ताक खातो तरी शेजारचे म्हणतात बी-१२ कमी असेल. कसं काय?

उत्तर : माउली, शेजाऱ्यांचं म्हणणं तपासून बघण्यासारखं आहे, कारण तुमच्याकडे एक नाही, तीन कारणं एकत्र आलीत.

बी-१२ वनस्पतीत नसतं, ते प्राण्यांपासून आलेल्या अन्नातच, म्हणजे तुमच्यासाठी फक्त दूध आणि दुधाचे पदार्थ. मोठा पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं, आणि रोजची गरज दोनाच्या वर. ताक म्हणाल तर आपण वाटीभर दह्यात तांब्याभर पाणी घालतो, त्यात बी-१२ असणार किती. हे पहिलं. दुसरं मेटफॉर्मिन, बरीच वर्षं घेतली की ती बी-१२चं शोषण कमी करते, हे चांगलं माहीत असलेलं आहे. तिसरी ती ॲसिडिटीची गोळी. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटात ॲसिड लागतं आणि तेच तुम्ही पाचसहा वर्षं दाबून ठेवलंय. ह्यातलं काहीही आपल्या मनाने बंद करू नका, मेटफॉर्मिन तर अजिबात नाही. पण ॲसिडिटीची गोळी अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे, कित्येकांची ती कधीतरी पंधरा दिवसांसाठी सुरू झालेली असते आणि मग कुणी थांबवतच नाही.

पाय जळण्याचं मोठं कारण शुगर स्वतःही असते, म्हणून बी-१२ आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर, दोन्ही बघायचं. एक अडचण आहे. नसांच्या गोळीत बी-१२ असतंच, त्यामुळे ती चालू असताना रिपोर्ट चांगला दिसू शकतो, तेव्हा काय घेताय, किती दिवस, ते डॉक्टरांना स्ट्रिप दाखवून सांगा. आणि त्या दोन्ही स्ट्रिप उलट्या करून बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिन किती आहे ते वाचा. बी-६ जास्त डोसमध्ये पुष्कळ दिवस घेतलं तर त्यानेच पायाला मुंग्या आणि बधिरपणा येतो, म्हणजे ज्याच्यासाठी गोळी घेतो तेच दुखणं गोळीच लावते! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मोठ्यांसाठी बी-६ची वरची मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली. तुमच्या दोन गोळ्यांची बेरीज किती होते ते बघून मला कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.

कमतरता निघालीच तर इंजेक्शन किंवा गोळी देतील, ती तुळशीच्या माळेच्या आड येणारी नाही, कारण औषधातलं बी-१२ जिवाणूंकडून तयार करून घेतात. गोळीतलं बी-१२ सुटंच असतं, त्यामुळे ॲसिडच्या गोळीने त्याला तितकी आडकाठी होत नाही. नसा सावरायला महिने लागतात आणि फार उशीर झाला असेल तर पूर्ण सावरतही नाहीत, म्हणून टाळू नका. आणि वारीला जात असाल तर अनवाणी चालायचं नाही, एवढं माझं ऐका. बधिर पायाला खडा लागलेला कळत नाही. रात्री आरसा खाली धरून तळवे बघायची सवय लावा.

प्रश्न : सासूबाई ७०, गिरगावात चाळीत तिसऱ्या माळ्यावर राहतो, लिफ्ट नाही. दोन्ही गुडघे गेलेत. नात्यातल्या एकांनी जॉइंटची पावडर आणून दिली, महिन्याचा डबा दोन हजारांच्या वर, आणि हळदीच्या कॅप्सूल. म्हणतात गादी परत भरून येते. खरं का? त्यांचं वजनही जास्त आहे.

उत्तर : खरं नाही. झिजलेली गादी पावडरने भरून येत नाही. त्या डब्यात बहुतेक ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन असेल, त्याची अमेरिकेत पंधराशेवर रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००६ मध्ये निकाल आला, आणि एकूण रुग्णांत ती बनावट गोळीपेक्षा काही सरस ठरली नाहीत. दोन हजारांत महिनाभर दूध, दही, डाळी आणि अंडी येतील, आणि त्याने मांडीच्या स्नायूंना बळ मिळेल, जे गुडघा खरोखर पेलतात.

हळदीबद्दल मला नेहमी अडकायला होतं, कारण हळद आपली आहे आणि तिच्याविरुद्ध बोललं की घरात वाद होतो. तर भाजी-आमटीतली हळद हवी तेवढी खा. पण हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम तीन टक्के आणि तेही रक्तात फार कमी उतरतं. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातल्या पायपरिनसोबत दिलं तर रक्तातलं प्रमाण २,००० टक्क्यांनी वाढतं, तेव्हापासून कॅप्सूलमध्ये मिरी घालायची पद्धत पडली. गुडघेदुखीत थोडा आराम पडतो असं काही छोट्या चाचण्यांत दिसलंय, नाही म्हणत नाही. पण असं जोरात शोषलं जाणारं कर्क्युमिन घेऊन लिव्हरला सूज आल्याच्या केसेसही नोंदल्या गेल्यात, आणि सासूबाई रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर ही कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

मागे लालबागच्या एक आजी माझ्याकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या होत्या. झाकण उघडलं तर अकरा स्ट्रिप, रबरबँड लावून. आम्ही दोघींनी त्या टेबलावर मांडल्या, चष्मा आळीपाळीने वापरत वाचल्या, आणि चारांमध्ये कॅल्शियम निघालं. चार वेगळ्या डॉक्टरांनी वेगळ्या वेळी दिलेलं, रंग वेगळे, म्हणून आजी सगळ्या घ्यायच्या, वर थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम सकाळी चहाबरोबर एकत्रच, आणि मग थायरॉइड का जागेवर येत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतायत. त्या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर लागतं, आणि थायरॉइडची तर पाण्याबरोबर, चहाच्या आधी. लेबल वाचताना अजून एक, कॅल्शियम कार्बोनेट १२५० लिहिलं असेल तर त्यात खरं कॅल्शियम ५०० असतं. तुम्हीही सासूबाईंचा डबा एकदा असाच ओता.

कॅल्शियम हाडासाठी आहे, गुडघ्याच्या गादीसाठी नाही, पण ह्या वयात पडून खुब्याचं हाड मोडू नये म्हणून ते लागतंच, दिवसाला १,२०० मिलिग्रॅम. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे मध्यम भाकरीला पावणेदोनशे धरा. पेलाभर दूध सव्वादोनशे-अडीचशे. चमचाभर तीळ भाजून चटणीत, शंभरेक. वाटीभर दही. गिरगावात हे सगळं चाळीच्या खाली उतरलं की मिळतं, उतरायचंच तेवढं अवघड आहे.

वजनाचं मात्र मनावर घ्या. गुडघे झिजलेल्या वजनदार वयस्कर माणसांवर अमेरिकेतच २००५ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. चार किलो उतरले तर सोळा, आणि तुमचे जिने किती आहेत ते तुम्हीच मोजा. पण सत्तरीत उपाशी ठेवून वजन उतरवायचं नाही, स्नायू जातात. संध्याकाळचा चहा-खारी-फरसाण, उपवासाची साबुदाणा खिचडी, रात्रीचा भाताचा डोंगर, इथून कापा, आणि डाळ-दही-अंडं वाढवा. सोबत खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या.

प्रश्न : एप्सम सॉल्टच्या पाण्यात बसलं की मॅग्नेशियम त्वचेतून आत जातं आणि दुखणं जातं म्हणतात. मुलुंडला वन बीएचके आहे, टब नाही. बादलीत पाय बुडवले तर चालेल?

उत्तर : चालेल की. टाचा दुखत असतील तर गरम पाण्याने बरं वाटतं. पण ते गरम पाण्याने. त्वचेतून मॅग्नेशियम उपयोगी पडेल इतकं आत जातं ह्याला धड पुरावा नाही, साधं मीठ घाला नाहीतर काहीच घालू नका. शुगर असेल तर पाणी आधी कोपराने तपासा. टबसाठी घर बदलू नका.

प्रश्न : वरळी कोळीवाडा, वय ३९. जुलैमध्ये चेकअप केलं तर युरिक ॲसिड ८.१. सांधा कधी सुजला नाही, पाठ दुखते फक्त. लॅबवाल्या पोराने सांगितलं डाळ, पालक, मासे सगळं बंद. मग मी खाऊ काय?

उत्तर : दादा, लॅबवाल्याचं काम रक्त काढायचं. पुरुषात ७च्या वर म्हणजे जास्त आहे हे खरं, पण त्याने होणारं सांध्याचं दुखणं म्हणजे गाउट, आणि गाउटचा झटका म्हणजे काय ते ज्याला येऊन गेलाय त्याला विचारा, रात्री अचानक पायाचा अंगठा लालबुंद होतो आणि वरची चादरसुद्धा सहन होत नाही. पाठदुखी ही त्याची नेहमीची जागा नाही, तुमची पाठ वेगळ्या कारणाने दुखत असणार, ते वेगळं दाखवा. आणि झटका आलेला नसताना नुसत्या आकड्यावर बहुतेकांना औषधही देत नाहीत.

डाळ आणि पालक खा. ४७,००० पुरुषांवर बारा वर्षं लक्ष ठेवून केलेला अमेरिकन अभ्यास २००४ मध्ये आला, त्यात मटण आणि मासळीने गाउट वाढला, भाज्या-कडधान्यातल्या प्युरिनने (ज्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं ते) नाही, आणि दूध-दही खाणाऱ्यांत तो कमी होता. बियर मात्र वाईट, आणि गोड कोल्ड्रिंकही.

मासळीचं म्हणाल तर मला तुमच्यावर दया येते, कारण तारली आणि बांगडा हेच सांध्यांच्या सुजेला बरे असणारे ओमेगा-३चे मासे आणि प्युरिनही त्यांच्यातच भरपूर. संधिवात असलेल्यांना मी आठवड्यातून दोनदा तारली खायला सांगते, तुम्हाला एकदाच, आणि बाकी दिवशी दुसरी मासळी, तीही थोडी. वजरी-कलेजी सोडा. आणि तुमचा रिपोर्ट जुलैचा आहे ना, म्हणजे मासेमारी बंदीचा महिना, घरात सुकट, जवळा, सोडे चालू असणार. सुकी मासळी म्हणजे पाणी काढून टाकलेली, मूठभर सुकटीत ओल्या मासळीपेक्षा सगळंच दाटून आलेलं असतं. पाणी भरपूर पिऊन, बियर बंद ठेवून, ताजी मासळी आल्यावर दोन महिन्यांनी परत टेस्ट करा, बघू आकडा काय म्हणतो.

प्रश्न : मी २४, चेंबूर, कॉल सेंटरला शिफ्ट आहे. अर्धं डोकं ठणकतं, उलटी होते, महिन्यातून सातआठ वेळा. डोकेदुखीची कॉफीवाली गोळी महिन्याला बारा-चौदा होतात. मॅग्नेशियमने मायग्रेन जातो का? आणि आईने हातात तांब्याचं कडं घातलंय, ते काढू का?

उत्तर : तुझ्यासाठी मॅग्नेशियमचा प्रश्न खरा आहे, कारण दुखण्यावरच्या ह्या सगळ्या पूरक गोळ्यांमध्ये मायग्रेनमध्येच त्याचा बऱ्यापैकी पुरावा आहे. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या २०१२च्या मार्गदर्शिकेत मॅग्नेशियम आणि बी-२ दोन्ही 'बहुधा उपयोगी' ह्या गटात होते. पण ते झटका कमी वेळा यावा म्हणून रोज घ्यायचं असतं, दोनतीन महिने, डोकं दुखायला लागल्यावर नाही. जुलाब होऊ शकतात, किडनीचा त्रास असेल तर घ्यायचंच नाही, म्हणून डोस डॉक्टरांकडून.

त्याआधी त्या बारा-चौदा गोळ्या. अशी मिश्र गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस घेतली आणि असं तीनेक महिने चाललं, की डोकेदुखी त्या गोळीमुळेच वाढायला लागते. एका वहीत तारीख, जेवण किती वाजता, झोप किती, पाळी, गोळी, एवढं महिनाभर लिही आणि ती वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. मला वाटतं त्या वहीत तुला दिसेल की शिफ्टमध्ये तू पाच कटिंग आणि एका वडापाववर नऊ तास काढतेस, कारण मायग्रेनवाल्याला उपास सोसत नाही. पर्समध्ये दाणे-गूळ, उकडलेलं अंडं, केळं, काहीतरी दर तीनचार तासांनी पोटात गेलं पाहिजे, आणि चहा एकदम तोडू नकोस, त्यानेही डोकं दुखतं, हळूहळू दोनवर आण. दुखण्याआधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या रेषा चमकत असतील आणि तू गर्भनिरोधक गोळी घेत असशील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांग. आणि कधी आयुष्यात झालं नव्हतं इतकं अचानक भयंकर दुखलं किंवा हात-पाय लुळा पडला, तर सरळ कॅज्युअल्टी.

कड्याने दुखणं कमी होत नाही, २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये संधिवाताच्या ७० रुग्णांवर ते तपासून झालंय. पण आईने घातलंय ना, राहू दे. हात हिरवा झाला तर लिंबाने घास.